धाकटीचा आवाज कशात ठेवायचा

आमच्या भाऊजींना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. भोंगेवाला म्हणतात. सभागृहाचे कर्णे, शाळेचे माईक, घराघरांतले जुने अ‍ॅम्प्लिफायर, काहीही घरघरायला लागलं की ते त्यांच्याकडे येतं. दुकान असं नाही. आमच्या घरामागची अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली, भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या, खिडकीच्या फटींत कापूस कोंबला. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला माझाच श्वास मोठा ऐकू आला. मी म्हटलं, भाऊजी, ही खोली आहे की उशी?

ते माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते आणि दुपारभर रेडिओ उघडून बसायचे. सासूबाई म्हणायच्या, हा कार्टा एक दिवस देवालासुद्धा मागून उघडून बघेल. देवाला उघडलं नाही, पण बाकी काही सोडलं नाही. त्यांचा संगणकही तसलाच. त्यावर जी सिस्टिम चालते तिला म्हणे कुणी एक मालक नाही. जगभरची माणसं मिळून ती घडवतात, आतलं सगळं लिखाण उघडं ठेवतात, ज्याला हवं त्यानं वाचावं, बदलावं, वाटावं. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की एकदा मी म्हटलं, तुम्ही स्वतःला नास्तिक म्हणवता, पण नेम तुमचा माझ्याहून कडक आहे.

त्या नेमामागे एक दुखणं आहे. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका म्हाताऱ्या गायनमास्तरांची शिकवणी रेकॉर्ड केली होती, विकतच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. पुढे ते सॉफ्टवेअर करणारी कंपनी बंद पडली, नव्या संगणकावर ते चढेना, आणि त्याच्या फाइली दुसऱ्या कशातही उघडेनात. तोवर मास्तर गेले. त्यांची मुलगी आवाज मागायला आली तेव्हा भाऊजींनी तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं. त्यानंतर दोन दिवस ते धड जेवले नाहीत. मला म्हणाले, "आवाज आत आहे वहिनी, पण कुलूप दुसऱ्याचं."

आता धाकटीबद्दल. म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवते आणि मुलांसाठी गाणी करते. हात धुण्याचं गाणं, गुंड्या लावण्याचं गाणं, गप्प बसण्याचं गाणं. कुठे लिहून ठेवत नाही, सगळं डोक्यात. तिची एक चाल मी माझ्या सकाळच्या प्रार्थनेला लावली आहे. जुनी चाल आता आठवतही नाही. देवानं अजून तक्रार केलेली नाही.

या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. तपासण्या झाल्या, गाठ काढायलाच हवी असं ठरलं. डॉक्टर भला माणूस, आडपडदा न ठेवता बोलला. आवाजाची नस गाठीला चिकटून जाते. बोलणं बहुतेक राहील, पण वरच्या सुरांची हमी मी देणार नाही. ऑपरेशनची तारीख जवळचीच दिली आणि तोवर गळ्याला विश्रांती द्या म्हणाला, गाणं तर जवळजवळ नकोच.

घरी परत येताना फाटकाशी ती म्हणाली, "ताई, दोघींचं गाणं राहिलं."

ते गाणं मला माहीत होतं. आई मुलीला संध्याकाळी घरी बोलावते. ये गं घरी, सावल्या लांबल्या. आणि मुलगी लांबून उत्तर देते, माझी सावली मोजून येते. आई खालच्या सुरात, मुलगी वर, आणि शेवटी दोन्ही ओळी एकदम, एकमेकींत गुंतलेल्या. दोन्ही आवाज तिचेच हवेत अशी तिची इच्छा. तिनं शाळेतल्या एकीला मुलीची ओळ शिकवून पाहिली होती, पण ती गायली की गाणं परक्या घरी गेल्यासारखं व्हायचं.

हे म्हणाले, त्यात काय, फोनवर करा की रेकॉर्ड. फोन काय वाईट असतात का हल्ली? धाकटी पाणी पीत होती. भांडं खाली ठेवून म्हणाली, "फोनवर मी एकटी येते, दादा. या गाण्यात मी दोघी आहे."

म्हणजे आधी एक आवाज रेकॉर्ड करायचा, मग तो कानात ऐकत त्यावर दुसरा गायचा, आणि दोन्ही वेगवेगळे ठेवायचे, वेगळ्या पट्ट्यांवर, पुढे एकाला हात लावला तर दुसऱ्याला धक्का लागू नये असे. त्यासाठी लागतं ते सॉफ्टवेअर म्हणजे एक अख्खा स्टुडिओच, संगणकात बसवलेला. भाऊजींनी गेली कित्येक वर्षं तेच निवडण्यात घालवली होती.

हे जरा समजावून सांगायला हवं. भाऊजी कामाला हुशार, पण निवडायचं म्हटलं की त्यांचा जीव जातो. चप्पल घ्यायला गेले तर अनवाणी परत येतील. त्या उघड्या सिस्टिमवर चालणारे असले स्टुडिओ एकाहून जास्त, आणि त्यांनी प्रत्येक चढवून, वापरून, उतरवून पाहिलेला. एकात वाद्यं छान वाजतात, दुसऱ्याची मांडणी आवडते, तिसरा हलका आहे. महिनाभर एकाचं कौतुक, मग दुसऱ्याची नवी आवृत्ती आली की पहिल्याला रजा. या सगळ्यात गाणं एकही पुरं झालेलं नाही. धाकटी म्हणायची, माझ्याशी लग्न तरी कसं केलंत, तेव्हा दुसरी आवृत्ती आली नव्हती म्हणून?

तर डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी पुन्हा तेच आरंभलं. सकाळी खोलीचं दार लागलं की जेवायला उघडायचं. मी ताट घेऊन गेले तर पडद्यावर रोज निराळं चित्र. एलएमएमएस नावाचं एक होतं. ते तालासुरांचे तुकडे जुळवायला उत्तम, पण माईकवरचं गाणं घेणं हे त्याचं कामच नव्हे, म्हणून ते बाद. क्यूट्रॅक्टर म्हणून एक, सुटसुटीत, ते दोन दिवस आवडलं. रीपर नावाचंही त्या सिस्टिमवर चालतं, लोक त्याचे गोडवे गातात, पण त्याचं आतलं लिखाण उघडं नाही म्हणून ते त्यांच्या नेमात बसेना. मग आर्डर. ते उघडं, आणि माईकवरून पट्टीवर पट्टी रेकॉर्ड करायला म्हणूनच घडवलेलं. ते बरं वाटलं. म्हणून परत क्यूट्रॅक्टर लावून पाहिलं.

तारीख जवळ येत होती. धाकटी घरात पावलं न वाजवता फिरायची. बोलणं कमी केलेलं, खुणा जास्त. मला तिच्या गप्प राहण्याची भीती वाटायला लागली. देवापुढे बसले की चाल तिची आणि मनात तीच.

एकदा जेवताना यांचा तोल गेला. यांचा एक मित्र जाहिरातींचं रेकॉर्डिंग करतो, त्याचा तयार स्टुडिओ, सगळं विकतचं आणि सरावाचं. त्याच्याकडे चला, तासाभरात होईल. भाऊजी मान खाली घालून म्हणाले, तिचा आवाज मी दुसऱ्याच्या कुलपात ठेवणार नाही.

"अरे, आधी आवाज ठेव तर," हे म्हणाले. "कुलपाचं मग बघू. तू भांडी निवडत बसशील आणि दूध उतू जाईल."

धाकटीनं नवऱ्याच्या ताटात भात वाढला आणि त्यांच्या हातावर दोन बोटं ठेवली, मारल्यासारखी नाही, दार वाजवल्यासारखी. त्या दुपारी भाऊजींनी आर्डर ठेवलं आणि बाकीची सगळी उतरवून टाकली. नाहीतर हात तिकडे जातात, म्हणाले.

पण धाकटीचा गळा चाचणीसाठी खर्ची घालायचा नव्हता. म्हणून माईकपुढे मला बसवलं. डोक्यावर हेडफोन, समोर काठीवर माईक. काय म्हणू? काहीही, तुमची प्रार्थना म्हणा. मी सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले, कारण माझाच आवाज मला थोडा उशिरा ऐकू येत होता, कुणी मागून चिडवत म्हणावं तसा. मी थांबले. तो पण थांबला, माझ्यानंतर.

तिथेच सगळी गोम होती. संगणक आवाज ओंजळी भरभरून घेतो. ओंजळ मोठी ठेवली तर आवाज स्वच्छ, पण कानाशी पोचायला उशीर. लहान ठेवली तर लगेच पोचतो, पण घाईत सांडतो, चटचट होते. धाकटीला आपल्याच पहिल्या आवाजावर दुसरा बसवायचा होता. केसाएवढा उशीर झाला तरी आई आणि मुलगी एकमेकींना चुकणार. भाऊजी आकडे बदलत राहिले, मी देवाचं नाव घेत राहिले. इतकी सलग प्रार्थना मी सणासुदीलाही केली नसेल. शेवटी एका आकड्यावर आवाज माझ्या तोंडून निघाला तेव्हाच कानात आला, आणि चटचटही नाही. भाऊजींनी डोळे मिटले. "बस," म्हणाले. "आता याला हात लावायचा नाही."

रेकॉर्डिंग ठरलं ते दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी, सकाळी. डॉक्टरांना विचारलं होतं. थोडा वेळ गा, जोर करू नका, दुखलं की थांबा, असं म्हणाले.

मी पहाटे उठून पाणी तापवलं. धाकटी न्हाऊन आली, नेहमीची शाळेची साडी नेसली. गाद्यांच्या खोलीत स्टुलावर बसून गुणगुणत गळा मोकळा करत होती. मी दाराशी. हे बाहेर पायरीवर, गल्लीतलं कुणी हॉर्न वाजवू नये म्हणून राखणीला. भाऊजी संगणकापुढे, आमच्याकडे पाठ.

बराच वेळ ती पाठ हलली नाही. मग मला दिसलं की ते एकच कळ पुन्हा पुन्हा दाबतायत.

पहाटे सिस्टिमनं सांगितलं होतं की नवं अपडेट आलंय. आणि भाऊजींनी ते घेतलं. इतक्या वर्षांची सवय. जेवणाआधी हात धुवावेत तसे काम सुरू करण्याआधी अपडेट घेणारे ते. आज नको, हा विचार बोट दाबून झाल्यावर आला. सगळं नवं झालं, संगणक पुन्हा सुरू झाला, आणि माईक ज्या पेटीला जोडलेला होता ती आवाजाची पेटीच त्याला ओळखू येईना. वायर काढली, घातली. दुसऱ्या भोकात घातली. पेटीवरचा दिवा जळत होता आणि संगणक म्हणत होता, इथे काही नाही.

यांच्या कानावर गेलं. आत आले, पडद्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मला वाटलं आता ठिणगी पडणार. पण यांनी बाहेर जाऊन मित्राला फोन लावला. परत येऊन म्हणाले, तो दुपारपर्यंत मोकळा आहे.

भाऊजी आणखी थोडा वेळ झगडले. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी धावत होत्या. कपाळावरचा घाम पुसायचं त्यांना भान नव्हतं. धाकटीनं गुणगुणणं थांबवलं होतं. गळा मोकळा करून ठेवलेला, तो परत मिटत चाललेला. मी तिच्या हातात कढत पाण्याचा पेला दिला तर तो तिनं नुसता धरून ठेवला. मी मनात देवाला हाक घातली आणि अडले, कारण मागायचं काय? आवाजाची पेटी ओळखू दे, असं देवाला कुठल्या शब्दांत सांगतात ते मला येईना. म्हटलं, तुझं तू समजून घे.

मग भाऊजी उठले आणि वायरी गुंडाळायला लागले. सगळ्या, एकेक करून. आमच्याकडे न बघता म्हणाले, "दादा, गाडी काढ. जाऊ स्टुडिओत. कुलूप तर कुलूप."

त्यांच्या तोंडून ते ऐकून मला मोकळं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. यांनीही किल्ली खिशातून काढली नाही.

धाकटी म्हणाली, "काल चालत होतं ना?"

"काल चालत होतं. आज मी मोडलं."

"मग कालचं लावा."

भाऊजी वैतागून म्हणाले, कालचं कुठून आणू, काल काय डब्यात भरून ठेवलाय? आणि वायर हातात तशीच धरून थांबले. तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग वायर टाकून ते खुर्चीवर बसले.

काल खरोखरच ठेवलेला होता. त्यांनी नंतर मला समजावलं ते असं. ती सिस्टिम नवा गाभा बसवते तेव्हा जुना लगेच फेकत नाही, बाजूला ठेवते. संगणक सुरू होताना विचारलं तर जुन्यावर चालू होतो. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, दुसऱ्यांच्या संगणकांवर त्यांनी डझनभर वेळा केलं असेल. पण स्वतःच्या बायकोचा गळा समोर वाट बघत असताना बुद्धी गुडघ्यात गेली.

संगणक पुन्हा सुरू झाला. एक यादी आली, त्यांनी खालची ओळ निवडली. आम्ही तिघं त्यांच्या डोक्यामागे दाटीवाटीनं उभे. पेटीचं नाव पडद्यावर आलं. भाऊजींनी माईकवर नखानं टिचकी मारली आणि हिरवी रेघ उडाली. हे परत पायरीवर राखणीला जाऊन बसले.

आईचा आवाज धाकटीनं एका दमात दिला. खालचे सूर, तिला जड नव्हते. ये गं घरी, सावल्या लांबल्या. मला हेडफोन नव्हता, मी उघड्या कानांनी ऐकत होते, पदर तोंडात धरून, की माझा श्वास माईकमध्ये जाऊ नये.

मुलीचा आवाज अवघड. आता तिच्या कानात ती स्वतः गात होती आणि तिला वरून उत्तर द्यायचं होतं. पहिल्या खेपेला शेवटच्या ओळीआधीच खोकला आला. पाणी प्यायली. दुसऱ्या खेपेला सूर चढला, पण शेवटी घाई झाली, दोन ओळी एकमेकींत गुंतायच्या त्या एकमेकींवर आपटल्या. तिनं हात वर करून थांबवलं. गळ्याला हात लावला. भाऊजींनी भुवयांनी विचारलं, दुखतंय? तिनं नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलत होती, मला कळलं, आणि त्यांनाही.

तिसऱ्या खेपेला मुलगी आली. माझी सावली मोजून येते. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, खरंच कुणी लांबून, खेळ न सोडता ओरडतंय असा. दोन्ही ओळी गुंतल्या. आणि अगदी शेवटच्या शब्दावर, सगळ्यात वरच्या सुरावर, आवाज फाटला. कापड फाटावं तसा, थोडासा.

मग तिनं हेडफोन न काढताच बोट वर केलं. अजून एकदा.

भाऊजींचा स्वभाव मला ठाऊक. ज्यानं आयुष्यात 'आणखी एक बघू' याशिवाय दुसरं वाक्य म्हटलं नाही, तो आता काय म्हणणार? एकदा म्हणजे एकदाच राहणार नव्हतं. तिच्या मानेवरची शीर टचटच उडताना दिसत होती.

भाऊजींनी कळ दाबली. रेकॉर्डिंगची नव्हे, थांबवायची. "झालं," म्हणाले.

"शेवटचं फाटलं."

"फाटू दे. हेच ठेवायचं."

"अहो, एकदाच. मग नाही मागणार."

"ती पोर लांबून ओरडतेय," भाऊजी म्हणाले. "आवाज फाटणारच तिचा. मी निवडलं. आता बोलू नकोस, गळा झाक."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, आवाज न करता, आणि हेडफोन काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. भाऊजींनी ते गाणं लगेच तीन ठिकाणी साठवलं आणि दोन्ही आवाज साध्या फाइलींमध्येही वेगळे काढून ठेवले, कुठल्याही संगणकावर वाजतील अशा. मग खाली बसून रडले. ते मी पाहिलं नाही असं दाखवून पेला घेऊन बाहेर आले.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. आवाज मात्र पहिले कितीतरी दिवस कुजबुजीएवढाच, मग घोगरा, मग हळूहळू बोलण्यापुरता. वरचे सूर आलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात वाट बघू. ती आता 'येतील का' असं विचारत नाही.

काल दुपारी ती आपणहून गाद्यांच्या खोलीत गेली. भाऊजी कुणाचा तरी कर्णा उघडून बसले होते. तिनं गाणं लावायला सांगितलं. मी धुतलेले कपडे घेऊन चालले होते, दारात थबकले. दोन्ही आवाज वाजले, शेवटचा फाटका शब्दसुद्धा. ऐकून झाल्यावर ती पडद्याजवळ गेली आणि त्यांना विचारलं, यातला आईचा आवाज गप्प कसा करायचा? त्यांनी एक लहान चौकोन दाखवला. तिनं तो दाबला.

गाणं पुन्हा सुरू झालं. आता नुसती मुलगी होती, लांबून उत्तर देणारी, आणि तिला बोलावणारं कुणी नाही. धाकटीनं घसा साफ केला आणि घोगऱ्या, खालच्या आवाजात तिला हाक मारली. ये गं घरी. पहिली ओळ थोडी मागे पडली. दुसरीला दोघी जुळल्या.

भाऊजींनी माईककडे हात नेला नाही. कर्णा मांडीवर तसाच, स्क्रू मुठीत, ते ऐकत बसले.